मुक्या जीवांचे ऋण

गेल्या वर्षी रमजानपूर्वी एके दिवशी असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन मला भेटावयास आले. मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मेंदूतील शिरांमध्ये रक्त गोठले असता मेंदूला जी इजा होते, ती एखाद्या औषधाने कमी करता येईल का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी पांढऱ्या उंदरांच्या डोक्यात तशी गुठळी मुद्दाम घडवून आणावी लागते. ती म्हणाली, “मौलाना, भूल दिलेली असते, त्या वेळी त्याला काही कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी तोच उंदीर एका अंगावर कलंडत चालू लागतो, तेव्हा माझ्याने बघवत नाही. याचा जाब मला द्यावा लागेल का?”

तिच्या वडिलांची अपेक्षा होती की मी दोन वाक्यांत तिची समजूत घालीन. मला ते जमले नाही. मी तिच्याकडे काही दिवसांची मुदत मागितली. त्या दिवसांत जे वाचले आणि जो विचार केला, तो येथे मांडतो आहे. मी मुफ्ती नाही आणि हा लेख फतवा नाही. एका मुलीच्या मनाला जे टोचले, ते आपल्या सर्वांच्या मनाला टोचावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

आजार आणि प्रयोग

प्रथम हा आजार समजून घेऊ. धमन्या मेंदूकडे शुद्ध रक्त नेतात आणि शिरा तेथील वापरलेले रक्त परत हृदयाकडे आणतात. पक्षाघात म्हटला की धमनी बंद पडली, असेच आपण समजतो आणि बहुधा ते खरे असते. क्वचित मात्र धमनी मोकळी असते आणि शिरेत गुठळी होते. घरातील नळ चालू राहावा आणि मोरी तुंबावी, तसे हे आहे. रक्त आत येत राहते, पण त्याला बाहेर पडावयास वाट मिळत नाही. मागे दाब वाढतो, सूक्ष्म केशवाहिन्यांतून पाणी झिरपते, मेंदूला सूज येते आणि कधी कधी त्यात रक्तस्रावही होतो.

हा आजार वृद्धांपेक्षा तरुणांना, आणि त्यातही स्त्रियांना अधिक होतो. गर्भारपण, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, गर्भनिरोधक गोळ्या, शरीरातील पाणी कमी होणे, कानाचा वा सायनसचा जंतुसंसर्ग, रक्त लवकर गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती ही त्याची कारणे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, आकडी येणे, एखादा हात किंवा पाय लुळा पडणे ही लक्षणे.

प्रयोगशाळेत हाच आजार उंदरात निर्माण करतात. त्याला भूल देऊन कवटीला छोटी खिडकी पाडतात. मेंदूच्या मधोमध पुढून मागे जाणारा जो मोठा शिरामार्ग असतो, तो दोऱ्याने बांधतात, अथवा त्यावर लोहक्षारात भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवतात. काही मिनिटांत तेथे गुठळी होते. पुढे काही दिवस त्याचे चालणे आणि त्याची स्मृती तपासतात आणि शेवटी त्याला मारून मेंदूचे पातळ काप पाहतात. असे प्रयोग डुकरांवर आणि मांजरांवरही झाले आहेत. त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. नुसता मुख्य शिरामार्ग बंद झाला तर रक्त आडवाटांनी निघून जाते आणि मेंदू पुष्कळदा बचावतो. गुठळी वाढत जाऊन त्या मार्गाला मिळणाऱ्या लहान शिराही बुजल्या, की मग मेंदू मरू लागतो. म्हणजेच गुठळी पसरण्यापूर्वी तिला थोपवणे यात सारे आहे.

दोन सोपी उत्तरे

या प्रश्नावर पहिले सोपे उत्तर असे, की पृथ्वीवरील सर्व काही अल्लाहने मानवासाठीच निर्माण केले आहे, तेव्हा उंदराची चिंता कशाला? सूरह अल-बकराच्या २९ व्या आयतीत पृथ्वीवरील सर्व काही मानवासाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे, हे खरे. पण तिच्या लगतच्या आयतीत खिलाफतीचा उल्लेख येतो आणि तेथे फरिश्ते विचारतात, की जो पृथ्वीवर बिघाड माजवील आणि रक्त सांडील अशास तू नेमणार आहेस काय? आपल्या नेमणुकीच्या प्रसंगीच आपल्या हातून सांडणाऱ्या रक्ताची शंका उपस्थित झाली होती, हे विसरून चालणार नाही. खलीफा हा मालक नसतो. त्याच्याकडे सोपवलेली वस्तू ही अमानत असते आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत तर सांगितले आहे, की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि तेही आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, शिंग नसलेल्या बकरीलाही शिंगवाल्या बकरीकडून तिचा हक्क त्या दिवशी मिळवून दिला जाईल. जेथे बकरीला बकरीकडून न्याय मिळणार आहे, तेथे उंदराला माणसाकडून मिळणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरे सोपे उत्तर याच्या उलट टोकाचे. प्राण्याला वेदना देणे पाप, म्हणून असे सर्व प्रयोग हराम. ऐकावयास हे उत्तर दयाळू वाटते, परंतु आपण कुर्बानी करतो, शिकार हलाल मानतो, बैलाला नांगराला जुंपतो. शरीअतने प्राण्याचा उपयोग वर्ज्य केला नाही, त्याला मर्यादा घातली. शिवाय उपचार करून घेण्याची आज्ञा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे, आणि सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीने एक जीव वाचवण्याला साऱ्या मानवजातीला वाचवण्याची योग्यता दिली आहे. प्रसूतीनंतर दहाव्या दिवशी जिला आकडी येते, तिचे अर्भक शेजारी रडत असते. त्या घरात उभे राहून हे दुसरे उत्तर देण्याची हिंमत माझ्यात नाही.

मारण्याची मुभा ही छळण्याची मुभा नव्हे

कोणी म्हणेल, उंदीर तर एहरामच्या अवस्थेतही मारता येतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशा पाच उपद्रवी जीवांची हदीस आहे आणि त्यांत उंदीर आहे. मग प्रश्नच उरत नाही.

माझ्या मते प्रश्न तेथेच सुरू होतो. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) शिकवले, की अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे उत्तम वर्तन, बंधनकारक केले आहे; मारावयाचे असेल तेव्हाही आणि जबह करावयाचे असेल तेव्हाही. म्हणून सुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. ही शिकवण मारण्याला लागू होते, म्हणजेच ज्याला मारण्याची मुभा आहे, त्याच्यासाठीच ती आहे. जीव घेणे आणि जीवाला वेदना देणे या शरीअतच्या दृष्टीने दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीची परवानगी मिळाली म्हणून दुसरीची आपोआप मिळत नाही. उंदीर उपद्रवी आहे म्हणून त्याला मारता येईल, पण पिंजऱ्यात कोंडून तडफडत ठेवता येणार नाही. डुक्कर खाणे हराम आहे, पण त्याचा अर्थ डुकराला वेदना होत नाहीत असा नाही.

येथेच प्रयोग आणि जबह यांतला भेद स्पष्ट होतो. जबहमध्ये वेदना क्षणाची असते आणि ती टाळण्याचाच सारा खटाटोप असतो. प्रयोगात इजा हीच वस्तू निर्माण करावयाची असते आणि ती काही दिवस टिकवावयाची असते. म्हणून कुर्बानीचा दाखला देऊन प्रयोगाला हलाल ठरवता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र समर्थन लागते.

ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी काही तरुणांना कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरताना पाहिले. त्यांनी त्यांना थांबवले आणि जिवंत प्राण्याला लक्ष्य बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे सांगितले. मी स्वतःला विचारले, की ती कोंबडी आणि हा उंदीर यांत फरक कोणता? बांधलेले तर दोघेही आहेत. फरक असेल तर तो हेतूत आहे, असे आपण पटकन म्हणू. परंतु ते तरुणही म्हणू शकले असते, की आम्ही जिहादसाठी नेमबाजी शिकतो आहोत. मग त्यांना उत्तर मिळाले असते, की नेमबाजी गवताच्या पेंढीवरही शिकता येते. म्हणजे नुसता चांगला हेतू पुरेसा नाही. हेतू चांगला असावा, तो दुसऱ्या मार्गाने साध्य होत नसावा, आणि निवडलेल्या मार्गाने तो खरोखर साध्य होण्याची आशा असावी. हे तिन्ही असेल तरच हाताला दोरी घेण्याचा अधिकार आहे.

फिकहच्या भाषेत हेच दोन नियमांत बसते. निकड ही निषिद्धाला मुभा देते, हा पहिला. तो सर्वांना पाठ असतो. निकडीची मुभा निकडीच्या मापाइतकीच असते, हा दुसरा. तो आपण सोयीने विसरतो.

दोन हकीम

आपल्या इतिहासात या प्रश्नापाशी दोन थोर हकीम उभे आहेत. बाराव्या शतकातील अंदलुसचे इब्ने जुहर यांनी श्वासनलिकेला छेद देण्याची शस्त्रक्रिया माणसावर करण्याआधी बकरीवर करून पाहिली. जखम मध आणि पाण्याने धूत राहून त्यांनी ती बकरी बरी केली आणि ती पुढे बराच काळ जगली. त्यांच्या छेदाला जशी निकड होती तशी त्यानंतरची शुश्रूषाही होती.

तेराव्या शतकात काहिराचे इब्ने नफीस यांनी रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांमार्गे डाव्या कप्प्यात जाते, हे प्रथम लिहून ठेवले. त्यांनीच असेही नमूद केले आहे, की विच्छेदनापासून आपल्याला शरीअतने आणि आपल्या मनातील दयेने रोखले. हे वाचून मन भरून येते. पण त्याच ठिकाणी ते सांगतात, की अवयवांच्या रचनेसाठी आपण पूर्वसूरींवर, विशेषतः जालीनूसवर, विसंबलो आहोत. आणि जालीनूसने डुकरे व माकडे चिरली होती. म्हणजे त्यांचा स्वतःचा हात स्वच्छ राहिला, पण त्यांच्या ज्ञानाखाली कोणाची तरी सुरी होती.

हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपली सर्वांची स्थिती हीच आहे. हेपॅरिन या औषधाचेच उदाहरण घ्या. मेंदूच्या शिरांत गुठळी झाली की आज बहुधा तेच किंवा त्याच्याच जातीचे औषध देतात. १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी कुत्र्याच्या ऊतींच्या अर्कावर काम करीत असताना रक्त न गोठू देणारा हा गुण आढळला. आज जगातील बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. मेंदूत रक्तस्राव झालेला असताना रक्त पातळ करणारे औषध द्यावे की नाही, याविषयी डॉक्टरांना मोठी धास्ती होती. १९९१ मध्ये जर्मनीतील डॉक्टरांनी २० रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हेपॅरिन मिळालेल्या १० जणांपैकी ८ पूर्ण बरे झाले आणि दोघांत थोडा दोष राहिला. ज्यांना ते मिळाले नाही त्या १० जणांपैकी ३ मरण पावले आणि एकच पूर्ण बरा झाला.

कुत्रा आणि डुक्कर, ज्या दोन प्राण्यांचे नाव घेताना आपली जीभ अडखळते, त्यांच्या देहांतून आपल्या लेकीबाळींचा इलाज आला आहे. मूळ पदार्थाचे स्वरूप पालटले म्हणून असे औषध चालते, असे काही उलमा मानतात. इतर उलमा पर्याय नसताना निकड म्हणून त्याला मुभा देतात. प्राण संकटात असताना औषध नाकारू नये, यात दोन्ही मते एकत्र येतात. पण घेताना कृतज्ञतेने मान खाली जावी, इतके तरी आपण त्या जीवांचे देणे लागतो.

निष्काळजी प्रयोग हेही पाप

आता त्या मुलीच्या हातातील गोष्टीकडे येतो. नसाई यांच्या हदीससंग्रहात आहे, की जो चिमणीला नाहक मारतो, त्याला तिच्याविषयी विचारले जाईल. प्रयोगशाळेत नाहक म्हणजे काय?

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, धमनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातावर प्रयोगात आजमावलेले १०२६ उपाय मोजले गेले. त्यांपैकी ११४ माणसांवर वापरून पाहिले गेले होते. प्राण्यांत चमकलेल्या बहुतेक औषधांनी माणसांत निराशा केली. एन-एक्स-वाय-०५९ या औषधाचा मोठा बोलबाला होता. ३००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीनंतर २००७ मध्ये त्याचा उपयोग नाही असे ठरले. मागाहून त्याचे प्राणिप्रयोग तपासले तेव्हा आढळले, की अनेक प्रयोगांत कोणत्या प्राण्याला औषध द्यावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरवले नव्हते आणि निकाल पाहणाऱ्याला ते आधीच ठाऊक होते. जेथे ही शिस्त पाळली होती, तेथे औषधाचा गुण कमी दिसला होता.

शिरांच्या आजारात आणखी अडचण आहे. हा आजार बाळंतिणीला होतो आणि प्रयोग बहुतेकदा निरोगी नर उंदरावर होतो. माणसात गुठळी दिवसेंदिवस वाढते, उंदरात ती मिनिटांत घडवतात. हा फरक न ओळखता काढलेला निष्कर्ष रुग्णालाही फसवतो आणि उंदराचा जीवही वाया घालवतो.

म्हणून मी त्या मुलीला लिहिले, की तुझ्या कामात शास्त्रीय शिस्त हीच तकवा आहे. उंदीर गरजेपेक्षा जास्त घेतलेस तर ती उधळपट्टी आहे आणि इतके कमी घेतलेस की निष्कर्षच निघू नये, तर सगळेच नाहक मेले. जो प्रयोग पूर्वी चोख झाला आहे तो केवळ पदवीसाठी पुन्हा करू नकोस. आकडे मनासारखे आले नाहीत तरी जसेच्या तसे लिही, कारण खोटा आकडा लिहिणाऱ्याने खोटेपणा तर केलाच, वर एका जीवाला विनाकारण मारले. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक देण्यात कसूर करू नकोस. ज्याची वेदना आवरत नाही त्याला, निरीक्षण अपुरे राहिले तरी, भूल देऊन मुक्त कर. रात्री त्याचे पाणी आणि दाणे आहेत ना, हे स्वतः पाहा. मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस तुझ्यासाठीही आहे. तेराव्या शतकातील शाफई फकीह इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी प्राण्यांचे हक्क मोजताना लिहिले आहे, की म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झालेल्या जनावराचाही खर्च मालकावर आहे. उपयोग संपला म्हणून हक्क संपत नाही.

देशाचा कायदाही पुष्कळ अंशी हेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ज्ञानवृद्धीसाठी प्रयोगाला मुभा ठेवली, पण भूल देण्याचे, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा न घेण्याचे आणि केवळ हाताचा सराव व्हावा म्हणून प्रयोग न करण्याचे धोरणही घालून दिले. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. २०२३ मध्ये नियम बदलून, नव्या औषधाच्या प्राथमिक चाचणीसाठी मानवी पेशी आणि संगणक यांवर आधारलेल्या पद्धतींनाही आपल्याकडे मान्यता मिळाली. पर्याय जसजसे वाढतील तसतशी निकड आक्रसत जाईल, आणि काल जे मुबाह होते ते उद्या राहणार नाही. मुस्लिम विद्यार्थ्यांनी असे पर्याय शोधण्यात पुढे असावे, ही माझी फार इच्छा आहे.

माझा स्वतःचा हिशेब

त्या मुलीला उपदेश लिहिताना माझा हात एके ठिकाणी अडला. काही वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला तिच्या घरच्यांनी माझ्याकडे दम करण्यासाठी आणले होते. डोके भयंकर दुखत होते आणि एकदा आकडीही येऊन गेली होती. घरच्यांच्या मते तिला बाहेरचे काही लागले होते. मी आयती पढून फुंकर घातली आणि त्यांना घरी पाठवले. दोन दिवसांनी तिला रुग्णालयात नेले तेव्हा मेंदूच्या शिरांत गुठळी असल्याचे कळले. ती वाचली, अलहम्दुलिल्लाह. पण तिचा उजवा हात आजही नीट चालत नाही. दुआ करणे चूक नव्हते. दुआ करून तिला डॉक्टरकडे न धाडणे ही माझी चूक होती.

गुठळी पसरण्याआधी थोपवली पाहिजे, हे ज्ञान कित्येक मुक्या जीवांच्या वेदनेतून आले आहे. ते ज्ञान उपलब्ध असताना मी ते त्या मुलीपर्यंत पोहोचू दिले नाही. उंदराला भूल देणारी विद्यार्थिनी रात्री जागते आणि मी त्या दिवशी निवांत झोपलो होतो. नाहक कोणी केले, याचा विचार मी अजून करतो.

आपल्या घरांतही हा हिशेब आहे. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, असा कित्येक घरांत रिवाज आहे, आणि शरीरातील पाणी कमी होणे हे तर या आजाराचे एक कारण. तिला पाणी पाजावयास कोणत्याही उंदराचा बळी लागत नाही. प्रसूतीनंतर डोकेदुखी हटत नसेल, दिसण्यात फरक पडला असेल, आकडी आली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुआ वाटेतही करता येते.

शेवटी तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे दिले: होय बेटी, जाब द्यावा लागेल. प्रत्येक उंदराचा द्यावा लागेल. म्हणून असे काम कर, की त्या दिवशी तुझ्यापाशी उत्तर असेल. आणि तो कलंडत चालणारा उंदीर पाहून तुझ्या जिवाची जी घालमेल होते, ती जाऊ देऊ नकोस. ज्या दिवशी ती होईनाशी होईल, त्या दिवशी हातातील काम खाली ठेव.

अल्लाह आपल्याला मुक्या जीवांविषयी जागे राहण्याची आणि त्यांच्या वेदनेतून आलेले ज्ञान वाया न घालवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.